पोटावरचा तांब्या

साठ सालच्या आसपास झरीकडच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. दवाखान्याकडे जाणारी, पावसानं उखडलेली रानवाट गावकरी श्रमदानानं नीट करत होते. एका म्हाताऱ्यानं मला खाटेवर निजवून पोटावर भरलेला तांब्या ठेवला. चौघांनी खाट उचलली. तांब्यावर डोळे लावून म्हातारा खाटेपुढे उलट्या पावली पळत सुटला. बाळंतपणात अडलेल्या बायांना खाटेवरून याच वाटेनं न्यायचे; पाणी सांडेल तिथं वाट अजून खडबडीत.

मला हसू आवरेना. पाणी सांडलं.

"कुदळ आना रे!" म्हातारा ओरडला.

"अहो, मी हसलो म्हणून सांडलं!"

"अन् अडलेली बाई काय गुमान पडून राह्यते, गुरुजी?"

दर खेपेनंतर वाट सारखी केली. पाचव्या खेपेला मी खदखदत होतो, तरी थेंब सांडला नाही. म्हाताऱ्यानं तांब्या उचलला आणि आनंदानं माझ्याच डोक्यावर ओतला.