आमच्या साडूंची स्पेनस्वारी

परमेश्वराने राग वाटायला काढला तेव्हा आमचे साडू रांगेत पहिले उभे असणार, आणि वाटा हातात पडल्यावर ‘एवढाच?’ म्हणून त्यांनी परमेश्वरालाही झापलं असणार. सौदीत हाइलला गव्हाच्या कोठारांवर ते फोरमन, मी तिथेच स्टोअरकीपर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या देवरुखला; आणि आम्ही दोघे कॅम्पात एका खोलीत. म्हणजे त्या रागाचा शेजार मला चोवीस तास. एसी आवाज करतो म्हणून ते एसीवर ओरडत, आणि बंद पडला की ‘आता का गप्प बसलास?’ म्हणून. फोडणी मी घालायचो, पण मोहरी तडतडली की तिला दटावायचे ते.

अशा माणसाने एक दिवस जाहीर केलं, की यंदा बायकोला घेऊन स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आठ दिवस राहणार. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. दोन वर्षांतून महिनाभर सुटी. ती कुणाच्या मुंजीत, कुणाच्या बारशात, नाहीतर घरावर कौलं चढवण्यात संपायची. दोघं मिळून कुठे म्हणून गेली नव्हती. पण हा बेतसुद्धा साडूंनी रागारागानेच आखला. माहितीपत्रकात ‘वर्षाचे तीनशे दिवस ऊन’ वाचून ते भडकले. “ऊन विकतायत, दादा! इथे फुकट भाजून काढतात, त्याची कुणाला किंमत नाही!” समुद्राकडची खोली मिळेना तेव्हा मल्याळी एजंटशी फोनवर हिंदीतून असे भांडले, की त्याने खोली बदलून दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा नंबरही बदलला.

तारखा काढायचं काम मात्र माझ्याकडे. “तुमचं पंचांग पक्कं,” म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक स्तुती. कंपनीची सुटी अरबी महिन्यांवर चाले. मागच्या खेपेला ती एक रजबला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर लागली होती. यंदाही एक रजबच. मी बिनधास्त ऑगस्टचा मध्य धरला आणि सुटीचे शेवटचे आठ दिवस, सप्टेंबरातले, स्पेनला दिले. आपला श्रावण अधिक महिना घालून जागेवर आणतात, तसा यांचा रजबही कुणीतरी आणत असेल! दरसाल रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकताना पंधरा वर्षं पाहूनही हे डोकं असं चाललं. व्हिसे लागले, तिकिटं आली, आणि जूनअखेर ऑफिसात यादी लागली: साडूंची सुटी जुलैच्या शेवटी सुरू. स्पेनचं विमान उडण्याच्या दोन आठवडे आधीच त्यांना कामावर हजर व्हायचं होतं.

साडूंनी मॅनेजरचं टेबल आपटलं. पण त्यांच्या पाठोपाठ दुसऱ्या फोरमनची सुटी होती. “खलास,” म्हणून मॅनेजरने फाइल मिटली. मी शिव्या खायच्या तयारीने खाटेवर ताठ बसलो होतो. साडू आले ते तासभर चंद्रावर बरसले. “काही शिस्त आहे का या चंद्राला? काही रीत?” मला चकार शब्द नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी देवरुखला फोन लावला. तोंड उघडायच्या आतच मेहुणीचा आवाज खोलीभर आला: “अहो, थांबा, आधी माझं ऐका. मला पोहायला येतं! शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत रोज ताईबरोबर डोहावर जात होते. तिकडेच दाखवणार होते, पण राहवलं नाही.”

ताई म्हणजे माझी बायको. तिनेही मला पत्ता लागू दिला नव्हता.

“किती लांब जातेस?” साडूंनी विचारलं.

“डोहाच्या पार पलीकडे.”

“बुडशील, बावळट!” ते ओरडले, आणि फोन माझ्या हातात कोंबून बाहेर गेले. सुटीचं तिला मलाच सांगावं लागलं.

ते महिनाभर देवरुखला राहून आले. भर पावसातली नदी, दुथडी भरलेली. तिच्यात कोण उतरणार? परतल्यावर मी भीत भीत विचारलं, “पोहणं पाहिलंत?”

“पाण्यात कुठलं? ओसरीवर उभं राहून दाखवलं तिने.” आणि खाटेवर बसल्या बसल्या साडूंनी उजवा हात लांब करून हवेत हळूच एकदा मारला. “असा,” म्हणाले.