आईचा पाय आणि सुमनवहिनी

सुमनवहिनीचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. किन्हवलीजवळ आमच्या घराला लागूनच तिचं घर. महिन्यापूर्वी तिनेच फोन केला, "भाऊ, आधी कुठंतरी बस..." मी हैदराबादला गोदामात माल उतरवत होतो. तिने सांगितलं, आई न्याहारी करून कॉटवर टेकली आणि गेली. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "पाय?"

"पाय बरा व्हता रे. कोरडा."

नववीत शाळा सोडून मी बाहेर पडलो. तेव्हापासून घरचा फोन आला की आधी आईचंच विचारायचो. आईला संधिवात. आधी बोटं वाकली, मग घोट्याच्या वर जखम झाली, ती भरेचना. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम त्याच आजाराची. सांध्याच्या गोळ्या चुकवू नका, झाडपाला लावू नका, पट्टी स्वच्छ ठेवा आणि पाय उशीवर उंच ठेवा, नाहीतर पाय जाऊ शकतो. वहिनी रोज पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून सोडवायची, ओढायची नाही. गोळ्याही चालू होत्या. तरी संध्याकाळी पाय सुजलेलाच.

कारण वहिनीलाच दिसलं. कॉट ओटीवर, आणि कुणी आलं की आई पाय खाली घ्यायची. मोठ्या माणसाकडे पाय करून कसं पडायचं? त्यात माझे चुलते आप्पा, म्हणजे आईचे थोरले दीर, रोज चौकशीला येऊन तास-तास बसायचे. तेवढा वेळ आईचे पाय खाली.

"आप्पा, तुमी येता म्हणून काकूची जखम भरत नाय," वहिनीने तोंडावर सांगितलं.

"म्हंजे मीच जखम धरून बसलोय काय गो?"

"बसा ना. पण उशाकडं बसा."

"सुमन, गप गो!" आई लाजून म्हणाली.

आप्पांनी खुर्ची उचलली, उशाकडे नेली आणि आईला संकोच नको म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले. पुढे रोज तसेच... भिंतीशी गप्पा मारल्यासारखे. आईचा पाय उशीवर राहू लागला आणि जखम हळूहळू भरली. शेवटच्या हिवाळ्यात आई आपल्या पायांनी म्हसा गावची जत्रा फिरून आली.

त्या वर्षांत आमच्या भाताच्या खाचरात लावणीला वहिनी उतरली. गावात एकाने दुसऱ्याच्या लावणीला जायचं, मग त्याने याच्या. आमच्या घरून तिच्याकडे कुणी गेलं नाही. आईला चिखलात उतरायची मनाई, आणि मी इथे. सुटी मागायची तर नोकरी जाईल अशी भीती वाटते, अजून वाटते. पण वहिनी, एका पावसाळ्यात मी येईन, आणि तुझं सगळं खाचर लावून झाल्याशिवाय बांधावर चढणार नाही.