टाचण्या लावलेला शेवट

साठ सालच्या सुमारास बंगळूरला मल्लेश्वरमच्या बाजारात एक म्हातारा भाड्याने पुस्तकं द्यायचा. रहस्यकथा मागितली की आधी माझा चेहरा निरखायचा, मगच एखादी काढून हातात ठेवायचा. शेवटचं प्रकरण मात्र टाचण्या लावून बंद केलेलं! "खुनी कोण ते आधी ओळखा अक्का, मग टाचण्या काढतो." मला भारी राग यायचा.

एकदा टाचण्या काढून घेऊन मी तिथंच उभ्यानं शेवट वाचला आणि ओरडले, "बघा, मी म्हटलं तसंच! डॉक्टरच—"

त्यानं दोन्ही कान गच्च झाकले. "स्वल्प थांबा! मी एकाही पुस्तकाचा शेवट वाचलेला नाही. वाचला तर पुढच्याला पुस्तक देताना माझा चेहराच सांगून टाकेल."

तेव्हापासून शेवट वाचताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहू लागले.