अमावस्या आज की उद्या

बीटी बियाणं आल्यापासून बऱ्याच जणांचा कापूस एकदमच फुटायचा आणि एकदमच मलकापूरला यायचा. म्हणून आमच्या कंपनीने खरेदीचे दिवस आणि भाव दाखवणारं पोर्टल काढलं. कंपनीच्या पुण्याच्या लोकांनी ते जावा या संगणकभाषेत बांधलं, सांभाळायला मला इथे ठेवलं. खोलीत मी आणि संगणक. बोलणं फोनवर, कामापुरतं.

अमावस्येला खरेदी बंद असते. त्या महिन्यात तिथी सोमवारी दुपारी लागून मंगळवारी दुपारी संपत होती. आधी मंगळवारची सुट्टी ठरली, मग व्यापाऱ्यांनी ती सोमवारवर आणली. कंपनीच्या कारकुनाने पोर्टलमधल्या सुट्टीच्या पानावर तसा बदल केला. पण भावाच्या पानाने सुट्ट्यांची वेगळी प्रत स्वतःजवळ ठेवली होती, दर वेळी मूळ नोंद शोधायला नको म्हणून. ती आता फेकून दे, असं त्याला कळवायची सोयच नव्हती. तिथे सोमवार चालूच राहिला.

सोमवारी संग्रामपूरकडची एक बाई कापसाचा टेम्पो घेऊन फाटकाशी उभी. चौकीदाराने मला खाली बोलावलं.

"मावशी, घरी कॅलेंडर नाही का?" तो तिला म्हणत होता.

"दोन हायेत. एकात अमावस्या आज, एकात उद्या. म्हनून तं कंप्युटरले इचारलं!"

टेम्पो त्याच दिवशी परत द्यायचा होता. मी म्हटलं, कापूस शेडमध्ये टाका, वजन उद्या करू.

"न मोजता? कोनाच्या भरोशावर?"

"माझ्या."

"अन् तू कोन?"

ती भरल्या टेम्पोत चढली. "तुह्या पानाले सांगजो, मी येऊन गेली म्हनून."

पानाला सांगणं, तेवढंच तर राहिलं होतं. सुट्टी बदलली की प्रत्येक पानाला निरोप जावा आणि त्याने आपली प्रत टाकून मूळ नोंद पुन्हा वाचावी, असं मी लिहायला घेतलं.

"एका बाईसाठी एवढं?" पुण्याचा सहकारी फोनवर हसला. "तासाभराने प्रत आपोआप रद्द होईल असं ठेवा ना."

"तासाभरात टेम्पो भरून निघतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या अमावस्येला सगळी पानं बरोबर होती. दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी निघताना चौकीदाराला उगाच विचारलं, कुणी आलं होतं का.

"कोन येईन, मॅडम? बंद हाय न आज."