क्षेत्रसंन्यास आणि ग्राफिक कार्ड

आमच्या अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला तेव्हा त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. क्षेत्रसंन्यास म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही असा नेम. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी तो घेतला, आणि घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. माझे वडील तसेही ब्रह्मा घाटावरून फार तर चौकापर्यंत जायचे. वेदपाठशाळेत शिकवावं, घरी येऊन जेवावं आणि काशीबाहेरच्या जगाविषयी शंका व्यक्त करावी, असं त्यांचं आयुष्य. आधी कंटाळ्यानं जात नव्हते, आता नेमानं जात नाहीत, फरक तो काय, असं मी एकदा जेवताना म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस मला भाजी वाढताना बायकोचा डाव जरा उंचावरून आपटायचा.

फरक पडला तो नातवामुळे. माझा मुलगा शिकून बंगळूरला नोकरीला लागला आणि वर्षातून एकदा, दिवाळीला, घरी दिसू लागला. आजोबांना तिकडे जाता येईना, याला इकडे येता येईना. फोन होता, पण फोनवर आमचे चिरंजीव म्हणजे सरकारी खात्याचं उत्तर. "कसा आहेस?" "ठीक." "जेवलास?" "हो." "मग?" "मग काय, बस." संपलं. अण्णा फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत राहायचे, जणू त्यात अजून काहीतरी अडकलंय आणि जरा हलवलं तर पडेल.

या मुलाचा एक गेमिंग कंप्युटर घरी पडून होता. कॉलेजात असताना त्यानं तो एकेक भाग जमवून स्वतः जोडलेला. बंगळूरला त्यानं नवीन घेतला आणि हा जुना आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीच्या जाळीपाशी, चादर पांघरून बसला. एका दिवाळीत त्यानं ती चादर काढली, टेबलाला एक स्टिअरिंग ठोकलं आणि आजोबांना ट्रक चालवायला बसवलं. परदेशातले रस्ते, मालानं भरलेला ट्रक, हा माल त्या गावी पोचवायचा. एवढाच खेळ. दोघं वेगवेगळ्या गावांत बसून एकाच रस्त्यावर मागेपुढे ट्रक चालवू शकतात, कानाला हेडफोन लावून बोलू शकतात.

अण्णांनी आधी विचार करायला वेळ घेतला. हे सीमा ओलांडणं होतं की नव्हतं? ग्रंथ काढले गेले. शेवटी निर्णय झाला की देह काशीत आहे तेव्हा हरकत नाही. मनाचं म्हणाल तर ते आधीही कुठे ताब्यात होतं. पण एकदा रस्ता संपून बंदर आलं आणि ट्रक बोटीवर चढवायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी ब्रेक लावला. "समुद्र आहे," ते म्हणाले. "हा माल तू ने. मी इथे थांबतो." नातू बोटीनं पलीकडे जाऊन माल टाकून परत आला, तोवर अण्णा धक्क्यावर ट्रक उभा करून बसले. त्यानंतर दोघांनी समुद्र न लागणारीच कामं घेतली.

दर रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, धुतलेलं धोतर नेसून अण्णा ट्रकवर बसायचे. तिकडे गाडी उजवीकडून चालवावी लागते म्हणून नवख्यांना त्रास होतो म्हणे. अण्णांना झाला नाही. बनारसच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला सगळ्या बाजू सारख्याच. मात्र वेग असा, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकायच्या. आणि या मंद गतीत आमचा मुलगा बोलायचा. समोर रस्ता असला, तोंडाकडे कुणी बघत नसलं, की याची जीभ सुटते हे मला बाप असून माहीत नव्हतं. साहेबाशी कसं वाजलं, खोलीतला जोडीदार रात्री कसा घोरतो, एक मुलगी आवडते पण ती तामीळ आहे, हे सगळं आम्हाला अण्णांकडून कळायचं, तेही अर्धंच. "बाकीचं ट्रकमधलं आहे," म्हणायचे.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. मुलाच्या मशीनवर ती आपोआप चढली आणि आमच्या मशीनवरही चढली, पण आमच्याला ती पेलेना. ट्रक दोन पावलं जायचा, फोटोसारखा थांबायचा, परत दोन पावलं. एका वळणावर डब्यानं मान टाकली ती टाकलीच. पडदा काळा.

"बाबा, ग्राफिक कार्ड बदलावं लागेल," मुलगा फोनवर म्हणाला. "पॉवर सप्लायपण. मी मागवतो. लावायचं तुम्ही."

"मी?"

"आसान आहे. पेच कसायचे, वायरी लावायच्या. मी व्हिडिओ कॉलवर आहे ना."

मी बँकेत अधिकारी आहे. घरातला दिवा गेला तर तो बदलायला मी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो आणि तो येईपर्यंत दिव्याकडे गंभीरपणे पाहतो. हे माझ्या मुलाला माहीत आहे. पण त्याला सुट्टी नव्हती, आणि अण्णा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते ती नजर मी शाळेत संस्कृतच्या तोंडी परीक्षेला पाहिली होती.

पडद्यावर चित्र आणणारं ते कार्ड आलं. ते कार्ड म्हणायला कार्ड होतं, प्रत्यक्षात वीट होती, तीन पंखे बसवलेली. डब्याचं झाकण उघडून मी ती वीट आत घालू लागलो तर ती समोरच्या पत्र्याला अडली. तिरकी केली, उभी केली, बायकोनं "अहो, जरा दाबा ना" म्हटल्यावर दाबलीही. शेवटी मुलगा म्हणाला, "कॅबिनेट छोटं पडतंय. नवीन मागवतो." म्हणजे पाव्हणा आला म्हणून घर बदलायचं. नवं कॅबिनेट आलं, गल्लीत शिरताना त्याचं खोकं एका गाईला घासलं, आणि आता जुन्या डब्यातलं सगळं उपसून नव्या डब्यात भरायचं काम माझ्यावर आलं.

त्या रविवारी आमच्या खोलीत असं दृश्य होतं. जमिनीवर जुनी चादर, चादरीवर कंप्युटरचे अवयव, मध्ये मी. बायको फोन धरून उभी, म्हणजे मुलाला दिसावं. अण्णा खुर्चीत, स्टिअरिंगसमोर, जणू गाडी गॅरेजमध्ये आहे आणि मालक थांबलाय.

"वो वाला नाही बाबा, बगलवाला पेच."

"बगलवाला म्हणजे कुठला? मराठीत सांग."

"शेजारचा," बायको म्हणाली. "आणि तुम्ही उजव्या हाताला बघताय. तो डावा म्हणतोय."

"त्याचा डावा का माझा डावा?"

"आई, फोन सीधा धर. मला फक्त बाबांचं टक्कल दिसतंय."

"मला पंचवीस वर्षं तेच दिसतंय," बायको म्हणाली आणि फोन सरळ केला.

एक पेच आत पडला. तो काढायला डबा उलटा केला तेव्हा त्यातून तो पेच पडला नाही, कधीकाळचा चण्याचा दाणा पडला. प्रोसेसरवर लावायची एक मलमासारखी पेस्ट असते, जुनी वाळली होती, नवी लावायची होती. मुलगा म्हणाला, तांदळाच्या दाण्याएवढी. माझ्या हातून बोराएवढी आली. अण्णा उठले, माझ्या हातातून ट्यूब घेतली, सगळं पुसायला लावलं आणि जन्मभर गंध लावणाऱ्या हातानं बरोबर मध्यावर एक ठिपका ठेवला. "एवढं जमत नाही," म्हणाले, कुणाला ते सांगितलं नाही.

संध्याकाळी सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले, इतके आणि इतक्या रंगांचे, की समोरच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. पडदा मात्र काळाच.

मुलानं हे करून बघा, ते काढून बघा असं बरंच सांगितलं. मग त्याच्या कामाची मीटिंग लागली. "बाबा, मी बाद में बोलतो." त्याचं बाद में पुढच्या रविवारी आलं. त्या रविवारीही पडदा काळा. तेव्हा मी डबा चादरीत गुंडाळून विद्यापीठाजवळच्या लंका भागातल्या एका दुकानात न्यायचं ठरवलं. आमच्या गल्लीतून चादरीत गुंडाळलेली वस्तू छातीशी धरून गेलं की प्रत्येक ओट्यावर खुलासा द्यावा लागतो.

"का हो गुरु, का लिए जा रहे हैं?"

"कंप्यूटर है।"

"बीमार है?"

"हाँ।"

"बाबूजी कैसे हैं?"

दुकानदारानं वायरी लावल्या, बटण दाबलं, पडद्यावर निळं आकाश आलं. "यहाँ तो चल रहा है, भाई साहब।" मी घरी आणला. घरी बंद. दुसऱ्या दिवशी परत नेला. तिथे चालू. दुकानदार आता माझ्याकडे काळजीनं बघू लागला, डब्याच्या नव्हे, माझ्याच. मी घरच्या विजेवर संशय घेतला, इनव्हर्टरवर घेतला, शेवटी वास्तूवरही घेतला.

या सगळ्यात अण्णांनी सुरुवातीला विचारलं, "आज होईल का रे?" मग विचारलं, "या रविवारी?" मग त्यांनी विचारायचं सोडलं. रविवारी धुतलेलं धोतर नेसायचे, जेवायचे आणि खाली ओसरीवर जाऊन पेपर वाचायचे. वर येत नसत. मुलाचा फोन आला तर "कसा आहेस" विचारायचे, "ठीक" ऐकायचे आणि माझ्याकडे फोन द्यायचे. त्यांनी रागवायला तरी हवं होतं. ते रागवले असते तर मला निदान काही उत्तर देता आलं असतं.

तिसऱ्यांदा मी चादर काढली तेव्हा बायको म्हणाली, "तिथे तो पडद्याची वायर कुठे लावतो?"

"मागे."

"मागे कुठे?"

मी डबा फिरवला. मागे त्या वायरीच्या आकाराच्या दोन जागा होत्या. एक वर, जुन्या मूळ बोर्डाची. एक खाली, नव्या विटेची. मी इतके दिवस इमानेइतबारे वरच्या जागेत वायर खुपसत होतो. खालच्या जागेत लावली. निळं आकाश आलं. बायको चहा टाकते म्हणाली आणि गेली, आणि स्वयंपाकघरातून तिनं बहिणीला फोन लावल्याचा आवाज आला.

मी धावत खाली गेलो. अण्णांनी पेपराची घडी घातली, हात धुतले, वर आले. मुलाला फोन केला तर तोही मोकळा सापडला. दोघांचे ट्रक सुरू झाले आणि आम्ही नवराबायको मागे उभे राहून बघत राहिलो. काय चित्र होतं ते. रस्त्याकडेचं गवत हलत होतं. काचेवर पाऊस पडत होता, थेंब वाऱ्यानं मागे सरकत होते. आरशात ढगसुद्धा दिसत होते. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर हात ठेवला.

पहिल्याच वळणावर अण्णांनी डोळे मिटले. ट्रक शेतात गेला.

"अण्णा? काय झालं?" मुलाचा आवाज हेडफोनमधून बाहेर ऐकू आला.

"गरगरतंय रे."

पाणी दिलं, थोडा वेळ थांबले, परत बसले. परत गरगरलं. जुन्या मशीनवर चित्र अडखळत यायचं, ते त्यांना सोसत होतं. आता सगळं खऱ्यासारखं, सळसळत अंगावर यायचं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले ऐंशीकडे झुकलेले डोळे ते झेलू शकत नव्हते. पुढच्या रविवारी तेच. गोळी घेऊन बसले, तरी तेच. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, वायरीची नीट गुंडाळी केली.

"राहू दे," म्हणाले. "पुष्कळ हिंडून झालं."

मी मुलाला म्हणालो, "काहीतरी कर."

मग मुलानं फोनवरून मला एकेक गोष्ट बंद करायला लावली. गवत बंद केलं. पाऊस बंद केला. सावल्या काढल्या, ढग काढले, आरसे काढले. चित्राचा आकार लहान केला. झाडं पुठ्ठ्याची झाली, डोंगर भाकरीसारखे सपाट झाले. एवढा खर्च, एवढी धावपळ करून आणलेली ती वीट आत तीन पंख्यांनी गार वारा घेत काहीही न करता बसली, आणि पडद्यावर जुन्या मशीनपेक्षाही दरिद्री असा रस्ता उरला. "अजून कम करू शकतो," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "आता फक्त रस्ता काढायचा राहिलाय."

अण्णा बसले. थोडं अंतर गेले. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. दोन वळणं गेली, तिसऱ्याला त्यांनी ट्रक हळूच कडेला घेतला आणि थांबवला. मागून नातवाचा ट्रक आला, तोही थांबला.

"परत चक्कर आली?"

"थोडी."

"मग बंद करू या?"

"नको. उभे राहू."

दोन ट्रक त्या पुठ्ठ्याच्या झाडांखाली उभे. खेळातल्या मालकानं वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत सांगायला सुरुवात केली की माल उशिरा पोचतोय. अण्णांनी तिकडे पाहिलं नाही. "ती मुलगी काय म्हणते?" त्यांनी विचारलं. मग मुलगा बोलू लागला. तो हळू बोलत होता, हेडफोनबाहेर मला त्याचे शब्द कळत नव्हते, पण ते चालूच होते, आणि अण्णा अधूनमधून स्टिअरिंगवर बोट आपटत "हं, हं" करत होते.

मी पुढे होऊन सेटिंग अजून एकदा बघावी म्हणून माउसकडे हात नेला. बायकोनं माझं मनगट धरलं आणि मला बाहेर काढलं. दाराबाहेर आल्यावर आतून मुलाचा प्रश्न ऐकू आला, तेवढा मात्र स्पष्ट, "अण्णा, निघायचं का आता?"

"थांब की जरा," अण्णा म्हणाले. "गाडी गरम झालीय."