नकाशातून गाळलेला देश

पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा होता आणि त्यात माझ्या बापाचा देश नव्हता.

सिएटलजवळच्या बॉथेलच्या लायब्ररीतला हॉल. शनिवारची दुपार. मराठी मंडळाचं व्याख्यान होतं. वक्ते म्हणजे माझ्या डायरेक्टरचे वडील. सगळे त्यांना काका म्हणतात. तरुणपणी ते इथिओपियात, अदिस अबाबाला रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होते, नंतर अमेरिकेत आले, इथेच रिटायर झाले. व्याख्यानाचा विषय, 'माझी आफ्रिका'. त्यांचा मुलगा प्रशांतदादा माईक घेऊन सूत्रसंचालन करत होता. तोच माझा डायरेक्टर. बायोटेक कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. माझा व्हिसा कंपनीच्या हातात, आणि कंपनीत मी त्याच्या हातात.

त्यानंच आग्रह केला होता. "बाबांनाही आण. ही विल एन्जॉय." मी आणलं. बाबांनी कोट घातला होता. एअरपोर्टची शटल चालवून ते आता रिटायर झालेत, पण कुणी व्याख्यानाला बोलावलं की कोट घालतात.

काकांनी लेझरचा लाल ठिपका फिरवला. "हा लाल समुद्र. आणि त्याला लागून हा सगळा आपला इथिओपिया."

बाबा उभे राहिले.

"माफ करा. समुद्राला लागून इरिट्रिया आहे. तुमच्या नकाशात तो नाही."

लोकांच्या माना वळल्या. मग हशा. वाईट हशा नव्हता तो, लाडाचा होता. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मागून एक बाई म्हणाल्या, "किती शुद्ध बोलतात हो." काळा, उंच, पांढऱ्या केसांचा माणूस, आणि तोंडात पुणेरी मराठी. माझ्या बापाचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. त्याचं मराठी ऐकलं.

काकाही हसले. "अहो, मी होतो तेव्हा एकच होतं सगळं. आणि खरं सांगू का, एकच राहायला हवं होतं. तीच माणसं, तेच जेवण. आता बघा, एवढा मोठा देश समुद्रावाचून अडकून पडलाय आणि तुमचा तो असाबचा किनारा नुसता पडून आहे. एक बंदर देऊन टाकलं तर काय बिघडतं?"

"तो पडून नाही," बाबा म्हणाले. "तो आमचा आहे. त्याच्यासाठी आमची माणसं..."

"बाबा जरा इमोशनल झालेत," प्रशांतदादा माईकवर म्हणाला. "बसा, बसा. आपण चहाला बोलू." आणि माझ्याकडे वळून, "ये गं पुढे. तुझं मराठी ऐकव सगळ्यांना. पीपल वोन्ट बिलीव्ह इट."

हे मला नवीन नव्हतं. पुण्यात शाळेत असताना मला स्टाफरूममध्ये बोलवायचे. पाहुणे आले की हमखास. बाई म्हणायच्या, "म्हण गं कविता. बघा, कशी बोलते." कुरळ्या केसांची, काळी मुलगी स्वच्छ उच्चारात कविता म्हणायची. मग लिमलेटची गोळी. मधल्या सुट्टीत तीच गोळी चघळत मी मुलांकडून 'हबशी' ऐकायचे. मराठी माझ्या आईची भाषा. मी ती बोलते ह्यात नवल काय होतं? पण नवल होतंच. आजही आहे.

मी पुढे गेले. माईक घेतला. कविता म्हटली नाही.

म्हटलं, "माझ्या बाबांचं वाक्य अर्धं राहिलंय. ते पूर्ण करतील."

खाली उतरून माईक बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "आमची माणसं," ते म्हणाले, आणि आवाज गेला. प्रशांतदादानं टेबलावरचं बटण बंद केलं होतं. मी बघितलं. त्यानंही मला बघताना बघितलं. मग तो मोठ्यानं म्हणाला, "चला, चहा गार होतोय. वडे गरम आहेत."

खुर्च्या सरकल्या. लोक उठले. बाबा माईक धरून उभे. ओठ हलत होते, आणि त्यांच्या शेजारून लोक कागदी प्लेटा घ्यायला जात होते.

चहाच्या टेबलापाशी काका माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवला. "रागावू नको बाळ. तू तर आपलीच. आई पुण्याची ना? माहेरचं आडनाव काय त्यांचं?"

"कांबळे."

खांद्यावरचा हात निघाला.

"अच्छा," ते म्हणाले. आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तरीच."

तरीच. एवढंच. बाप उभा का राहिला, तर तरीच. मुलीनं कविता का म्हटली नाही, तर तरीच. पुढे काही बोलायची त्यांना गरजच वाटली नाही. ते वड्यांकडे गेले.

गाडीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझा बाप म्हणतो आमचा देश वेगळा आहे, तर हे लोक म्हणतात, छे, एकच तर आहात. माझी आई जन्मभर म्हणत राहिली आपण सगळी एकच माणसं, तर हेच लोक म्हणाले, तुम्ही वेगळे. कोण कुणात मोडतो हे ठरवायचा हक्क आपलाच, असं ह्यांना वाटतं. आणि मी आजवर तो त्यांना देत आले.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते पुण्यात बी.कॉम. करायला आले तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर इथिओपिया लिहिलेलं होतं. तो पासपोर्ट ते ट्रंकेच्या तळाशी, पालथा ठेवायचे. आई सांगायची. आई ससूनच्या बाजूला एका दवाखान्यात नर्स होती, येरवड्याची, बौद्ध. तिला त्यांनी लग्नाआधी पहिली गोष्ट सांगितली ती देशाची. आधी इटलीचं राज्य. मग इंग्रजांचं. मग मोठमोठ्या देशांनी बसून ठरवलं की ह्यांना इथिओपियाला जोडून टाका, घरातला कारभार त्यांचा त्यांना बघू दे. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. पुढे इथिओपियाच्या सम्राटानं तो कारभारही गुंडाळला आणि अख्खा देश गिळला. मग तीस वर्षं लढाई. बाबांचे दोन भाऊ त्यात गेले.

आई म्हणाली होती, "म्हणजे तुमच्याबद्दल दुसऱ्यांनीच ठरवलं. आमचंही तसंच." लग्न झालं ते ह्या वाक्यावर, असं बाबा सांगतात.

स्वातंत्र्य मिळालं. वेगळा देश हवा का, ह्यावर मतदान झालं. बाबा राजधानीत, अस्मारात जाऊन मत देऊन आले आणि वस्तीभर पेढे वाटले. आई गेल्यावर ते अमेरिकेचा लॉटरीचा व्हिसा लागून सिएटलला आले. माझं वय जास्त होतं म्हणून मला त्यांच्याबरोबर येता आलं नाही. मी मागून नोकरीच्या व्हिसावर आले.

रविवारी दावित आला. माझा चुलतभाऊ. लढाईत गेलेल्या थोरल्या काकांचा मुलगा. बापाला त्यानं पाहिलेलं नाही, बाप गेला तेव्हा तो पोटात होता. तो इथे ट्रक चालवतो. त्याच्याशी आमचं बोलणं बाबांच्या भाषेत. बाबांनी जबेन्यात, त्यांच्याकडच्या मातीच्या सुरईत, कॉफी चढवली. मी शनिवारचं सगळं सांगितलं.

दावित आधी हसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही ज्या देशासाठी उभे राहिलात ना, त्यानं मला शाळेतून उचललं. सैन्यात घातलं. कधी सोडणार ते सांगितलं नाही. कुणालाच सांगत नाहीत."

"ते सरकार," बाबा म्हणाले. "देश नाही."

"आम्हाला दोन्ही एकाच गणवेशात भेटले."

बाबांनी कप खाली ठेवला. "सरकार आज आहे, उद्या जाईल. समुद्र गेला तर परत मिळत नाही. इथिओपियाचे पुढारी बंदराच्या गोष्टी करतायत हे तुला दिसत नाही? सीमेवर परत सैन्य गोळा होतंय हे खोटं आहे?"

"खोटं नाही. खरं आहे. म्हणूनच तर आपल्या सरकारचं फावतं. शत्रू दारात आहे, म्हणून निवडणूक नाही. शत्रू दारात आहे, म्हणून घटना नाही. सीमेपलीकडे इथिओपियाच्या तिग्रे प्रांतात युद्ध झालं तेव्हा आपली पोरं तिकडे मरायला पाठवली. कुणाला विचारलं? माझा मित्र गेला, त्याच्या आईला कळवायला वर्ष लावलं."

बाबा उठून खिडकीपाशी गेले.

मी दावितला म्हटलं, "तू असाबला होतास ना?"

"होतो. उन्हात भिंती बांधल्या."

"मग व्याख्यानातले ते काका म्हणाले तसं देऊन टाकावं ते बंदर?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या कानाखाली मारली होती. "नाही. त्यातला एक खडासुद्धा नाही. माझ्यावर अन्याय माझ्या लोकांनी केला. तो दुसऱ्यानं माझं घर घेतल्यानं मिटत नाही."

खिडकीपाशी उभ्या बाबांचे खांदे हलत होते. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं नाही.

सोमवारी प्रशांतदादानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. मराठीत बोलायला लागला. नेहमी ऑफिसात इंग्रजी बोलतो.

"मंडळाच्या ग्रुपवर एक छोटा मेसेज टाक ना. गैरसमज झाला, बाबा जरा हर्ट झाले होते, सॉरी. बस. माझे बाबा खूप अपसेट आहेत यार."

"गैरसमज कुठला झाला?"

"तू असं करू नकोस. मी तुला प्रत्येक वेळी सपोर्ट केलंय. तुझं व्हिसाचं एक्स्टेन्शन आता येईल, ते कुणाकडे येणार?"

हे तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. टेबलावर त्याच्या मुलांचा फोटो होता. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. नोकरी गेली तर किती दिवसांत हा देश सोडावा लागतो हे माझ्यासारख्या प्रत्येकाला पाठ असतं.

"काका मला 'तरीच' म्हणाले," मी म्हटलं. "आईचं आडनाव ऐकून. त्याचा अर्थ मला सांगा."

त्यानं टेबलावरचा फोटो सरळ केला. "ही इज ओल्ड. सोडून दे."

"माझे बाबाही म्हातारे आहेत. त्यांचा आवाज तुम्ही बंद केला. मी बघत होते."

"म्हणजे तू मेसेज टाकणार नाहीस."

"नाही."

"विचार कर."

"केला. नाही."

बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बाबांचं कपाळ आणि आईचं नाक. दोन्ही माझं. कुणाला विचारून मिळालेलं नाही.

त्याच आठवड्यात मला चालू प्रोजेक्टवरून काढलं. कारण दिलं, रिस्ट्रक्चरिंग. सिएटल शहरात जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे. आमचं ऑफिस बॉथेलला, ते वेगळं शहर. तो कायदा आमच्या ऑफिसच्या अलीकडेच संपतो. तरी मी एचआरकडे लेखी तक्रार दिली. तिथल्या गोऱ्या बाईनं विचारलं, "कास्ट म्हणजे नक्की काय?" मी एक तास बसून सांगितलं. तिला किती कळलं माहीत नाही. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. दोघीजणींनी खासगीत मेसेज केले, 'तुझं बरोबर होतं.' ग्रुपवर एकीनंही लिहिलं नाही.

मग फोन आला तो दुसऱ्याच बाजूनं. सिएटलमध्ये इरिट्रियन लोकांचा एक हॉल आहे. तिथल्या एका बुजुर्गाचा बाबांना फोन. व्याख्यानातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते बाबांना म्हणाले, येत्या रविवारी या, दोन शब्द बोला, मुलीलाही आणा, आम्हाला अभिमान वाटतो. बाबांचा चेहरा उजळला. मग ऐकता ऐकता पडला. फोन ठेवून ते म्हणाले, "दावितला आणू नका म्हणाले."

"का?"

"तो सरकारविरुद्धच्या मोर्च्यात जातो. म्हणे ही वेळ नाही. आत्ता देश संकटात आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही." मग म्हणाले, "त्यांचंही चूक नाही गं. घरातलं भांडण जगाला कशाला दाखवायचं?"

बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन भाऊ दिलेत त्या देशाला. तो देश कुणी नाकारला की त्यांचे भाऊ परत एकदा मरतात. हे मला कळतं. पण ज्याचा बाप मेला तो दावितच, आणि त्याच्याच तोंडावर दार लावायचं? येरवड्यातही मी हे पाहिलंय. समाजाचं नाव खराब होईल म्हणून आईला किती गोष्टी गिळायला लावल्या होत्या आमच्याच माणसांनी. ती गिळत राहिली. मी नाही गिळणार.

मी बाबांना म्हटलं, "दावित येणार."

"ते त्याला आत घेणार नाहीत."

"मग मीही आत जाणार नाही. दारात उभी राहीन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगीन हा कुणाचा मुलगा आहे, आणि त्याला का अडवलंय."

"आणि मी?"

"ते तुम्ही ठरवा बाबा. तुमच्या वतीनं मी ठरवणार नाही."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. उत्तर अजून दिलेलं नाही.

कुणाच्या देशात अन्याय चाललाय, म्हणून त्याचा देश गिळायचा हक्क शेजाऱ्याला मिळत नाही. आणि शेजारी दारात आलाय, म्हणून घरातल्या माणसाचं तोंड दाबायचा हक्क घरच्यांना मिळत नाही. हे मी दोन्हीकडे सांगणार. नोकरी राहो न राहो. बाबा येवोत न येवोत.

दावितला मी कळवलंय. रविवारी दुपारी मी त्याला घ्यायला जाणार आहे.