हाडांतलं रक्त आणि झिम्मा

ओट्यापाशी साधं घसरले नि मनगट मोडलं. प्लास्टर सुटलं, पण तपासणीत ऑस्टिओपोरोसिस निघाला आणि आमच्या ह्यांना आयतं कोलीत मिळालं. "तू जागची हलायचं नाहीस!" जन्म रेल्वेत गेलेला माणूस, घरातही लाल सिग्नल देऊन बसला.

इकडे श्रावण तोंडावर, सुनेची पहिली मंगळागौर. सून चिरगाँवची, हिंदी बोलणारी. झिम्मा-फुगडी तिला ऐकूनही माहीत नाही. इथे बुंदेली मुलखात, आमच्या खंडेराव गेटजवळ, मराठी घरं उरली मोजकीच, आणि गाण्यांसकट खेळ येणारी मी एकटी. मीच बसून राहिले तर पोरीला शिकवणार कोण? जीव नुसता तुटत होता.

"हाड म्हणजे खडूची कांडी. जपूनच ठेवायची," हे म्हणाले. मलाही पटलं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आम्ही, हाड आतून पाहिलंय कुणी!

सून फस्सकन हसली. "मम्मीजी, नली तोड़ो तो अंदर खून रहता है. हमारे यहाँ तो..." आणि तिनं जीभ चावली. माझ्या स्वयंपाकघरात मटणाची नळी! अगं बाई, मला इतकं हसू आलं की हातातली परात खाली ठेवावी लागली.

डॉक्टरांना विचारलं, तर तेही तिच्याच बाजूचे. म्हणाले, हाड जिवंत असतं. आत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, हाड बांधायचं सामान त्यांतूनच पोचतं. वयानुसार त्या कमी होतात नि हाड विरळ होत जातं. गोळ्या घ्या, रोज चाला, बसून राहू नका. फुगडी, उड्या, वाकणं बंद. उभ्यानं टाळ्यांचा झिम्मा चालेल. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आठवडाभर सुनेला गाणी शिकवली नि मंगळागौरीच्या दिवशी दुपारी खेळलो. मी संथ, तीही माझ्यासाठी संथ. एका कडव्याला मला दम लागला, तर पुढची ओळ तिनंच उचलली, बुंदेली हेल काढून! मला रडूच कोसळलं, सगळ्यांदेखत.

दारात उभे राहून हे बघत होते. वाटलं, आता ओरडणार. जवळ आले आणि म्हणाले, "पाच वर्षं पुजायची असते ना? अजून चार राहिल्या. उद्यापासून सकाळी फिरायला मी येतो तुझ्याबरोबर."